क्वांटम विज्ञानाची वाटचाल : पीएच.डी.नंतरची वर्षे

मागील लेखांकात अतिसंवाहक परिपथांपासून क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकातील माहितीचे मूलभूत एकक, कसा तयार होतो याचे विवेचन केले होते. असा परिपथ उभा करणारा संशोधक कसा तयार होतो, हा प्रश्न त्याला जोडूनच येतो. पीएच.डी. मिळाल्यापासून प्राध्यापकाची वा शास्त्रज्ञाची कायम नेमणूक होईपर्यंतच्या काळात, बहुधा दुसऱ्या संस्थेत आणि दुसऱ्या ज्येष्ठ संशोधकाच्या गटात राहून ठरावीक मुदतीचे जे संशोधन केले जाते, त्याला आणि ते करणाऱ्यालाही पोस्टडॉक म्हणतात, व त्यासाठी मिळणारे अर्थसाहाय्य म्हणजे पोस्टडॉक्टरल फेलोशिप किंवा अधिछात्रवृत्ती. शासकीय योजनांच्या बातम्यांत इमारती आणि उपकरणे ठळकपणे येतात, हा टप्पा मात्र त्यांच्या आड राहतो. वास्तविक क्वांटम विज्ञानातील कित्येक निर्णायक कामे याच अस्थिर वर्षांत झाली आहेत.

भौतिकशास्त्राचे २०२५चे नोबेल पारितोषिक जॉन क्लार्क, मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना ज्या प्रयोगांसाठी मिळाले, ते १९८४-८५ मध्ये बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात झाले, आणि त्या वेळी क्लार्क प्राध्यापक, मार्टिनिस पीएच.डी.चे विद्यार्थी, तर देव्होरे हे फ्रान्समध्ये डॉक्टरेट पूर्ण करून आलेले पोस्टडॉक होते. दोन अतिसंवाहकांमध्ये विद्युतरोधकाचा अत्यंत पातळ थर ठेवला की जोसेफसन संधी तयार होते. अशी संधी असलेला, अणूच्या मानाने प्रचंड म्हणावा असा विद्युत-परिपथ अणूप्रमाणेच ठरावीक ऊर्जापातळ्या दाखवतो का आणि क्वांटम नियमानुसार ऊर्जेचा अडसर भेदून पलीकडे जातो का, हे त्यांना तपासायचे होते. अडचण अशी होती की परिपथ कितीही थंड केला, तरी मोजमापासाठी जोडलेल्या तारांवाटे बाहेरच्या उबदार जगातील सूक्ष्मलहरींचा गोंगाट आत येई आणि क्वांटम परिणाम त्यात बुडून जाई. त्यावर या गटाने जी गाळणी वापरली, ती आजही अतिशीत तापमानाच्या प्रयोगशाळांत वापरली जाते: धातूच्या नळीत तांब्याची बारीक पूड ठासून भरायची आणि परिपथाकडे जाणारी तार वेटोळी करून त्या पुडीतून न्यायची. पुडीच्या प्रत्येक कणावर ऑक्साइडचा थर असल्याने कण एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या अलग राहतात, सर्व कणांचे मिळून पृष्ठफळ फार मोठे होते, आणि उच्च वारंवारतेचा प्रवाह धातूच्या केवळ पृष्ठभागालगत वाहत असल्यामुळे तो तेथे उष्णतेच्या रूपाने जिरून जातो. हे कसब शोधनिबंधात दोन परिच्छेदांत लिहिता येते, पण ते हातात येते ते अशा गटात राहून, चुका करत आणि पुन्हा जुळणी करत.

हे कसब माणसांबरोबर प्रवास करते. देव्होरे फ्रान्सला परतले, तेथे सॅक्ले येथे त्यांनी सहकाऱ्यांसह संशोधनगट उभारला आणि पुढे ते अमेरिकेत येल विद्यापीठात गेले. येलमध्ये त्यांच्याकडे पीएच.डी. केलेले राजामणी विजयराघवन बर्कलेला इरफान सिद्दिकी यांच्या प्रयोगशाळेत पोस्टडॉक म्हणून रुजू झाले (सिद्दिकी स्वतः पूर्वी देव्होरे यांच्याकडे पोस्टडॉक होते). त्या काळात अतिसंवाहक क्युबिट एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत अचानक उडी घेतो ती घडतानाच टिपण्याचा प्रयोग २०११ मध्ये, आणि अविरत मोजमापाच्या आधारे क्युबिटची आंदोलने टिकवून धरण्याचा प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर विजयराघवन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ही संस्था व पुण्यातील डीआरडीओची क्वांटम तंत्रज्ञानाची तरुण शास्त्रज्ञ प्रयोगशाळा यांनी सहा क्युबिटच्या अतिसंवाहक प्रोसेसरची संपूर्ण चाचणी पूर्ण केल्याचे जाहीर झाले. कुलाब्यातील या प्रयोगशाळेची परंपरा अशी थेट बर्कलेच्या त्या प्रयोगांपर्यंत मागे जाते.

येथे पोस्टडॉकच्या दोन प्रकारांतील फरक ध्यानात घेतला पाहिजे. पहिल्या प्रकारात प्राध्यापकाला मिळालेल्या प्रकल्पनिधीतून पोस्टडॉकचे वेतन दिले जाते आणि प्रकल्पात जे लिहिले असेल तेच काम त्याने करावे अशी अपेक्षा असते. दुसऱ्या प्रकारात फेलोशिप संशोधकाच्या स्वतःच्या नावावर असते आणि विषय तो ठरवतो. दुसऱ्या प्रकाराचे मोल रॉबर्ट राउसेनडॉर्फ यांच्या उदाहरणातून दिसते. केवळ मोजमापांच्या साखळीने गणन करण्याची कल्पना म्युनिकमध्ये हान्स ब्रिगेल यांच्यासह मांडून ते कॅलिफोर्नियातील कॅलटेक येथे पोस्टडॉक म्हणून आले, जेथे संस्थेचे पोस्टडॉक एका प्राध्यापकाच्या दावणीला बांधलेले नसत, आणि तेथे त्यांनी स्वतःच्या कल्पनेची सांगड त्रुटी-दुरुस्तीच्या शास्त्राशी घातली. जिम हॅरिंग्टन आणि कोविद गोयल यांच्यासह केलेल्या या कामातून, प्रत्येक क्रियेतील चुकीची शक्यता सुमारे ०.७५ टक्क्यांखाली ठेवता आली, तर सपाट चिपवर शेजारच्या क्युबिटांचीच जोडणी असूनही विश्वासार्ह गणन शक्य आहे, हे पुढे आले. गूगलने डिसेंबर २०२४ मध्ये ‘विलो’ चिपवर त्रुटी-दुरुस्तीचे जे यश जाहीर केले, ते याच विचारधारेतील आहे.

भारतात नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप संशोधकाच्या नावे मिळते, तिची मुदत दोन वर्षांची आणि सर्वसाधारण वयोमर्यादा ३५ वर्षांची आहे; पुण्याच्या आयसर संस्थेतील आय-हब क्वांटम टेक्नॉलॉजी फाउंडेशन खास क्वांटम विषयासाठी चाणक्य फेलोशिप देते. परदेशी जाऊ पाहणाऱ्यांसाठी जर्मनीची हुम्बोल्ट फेलोशिप पीएच.डी.नंतर चार वर्षांपर्यंत, तर युरोपीय संघाची मारी स्क्लोडोव्स्का-क्यूरी फेलोशिप पीएच.डी.नंतरच्या आठ वर्षांपर्यंतच्या संशोधन-अनुभवाला खुली असते. सैद्धांतिक काम करणाऱ्याला दोन वर्षे कशीबशी पुरतात. प्रयोग करणाऱ्याचे तसे नाही: चिप घडवायची, ती काही मिलिकेल्व्हिन तापमानापर्यंत नेणाऱ्या शीतकात बसवायची, दोष निघाला की सारे पुन्हा तापवून उघडायचे, आणि हे सुरळीत होईतो मुदत संपत येते, त्यात फेलोशिपचे हप्ते लांबले की घरभाडे थकते आणि चांगला संशोधक एखाद्या कंपनीची नोकरी पत्करतो, यात त्याला दोष देता येणार नाही.

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी मंजूर केलेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनची तरतूद ६,००३ कोटी ६५ लाख रुपयांची, मुदत २०३०-३१ पर्यंतची, आणि उद्दिष्ट ५० ते १,००० भौतिक क्युबिटांच्या संगणकाचे आहे. उपकरणे पैशाने आणता येतात. ती चालवणारे हात तयार व्हायला मात्र वर्षे लागतात. म्हणून प्रायोगिक क्वांटम संशोधनासाठी संशोधकाच्या स्वतःच्या नावावर असणारी, तीन वर्षांची, उपकरणखर्चाची वेगळी रक्कम असलेली आणि दरमहा ठरल्या तारखेला हाती पडणारी फेलोशिप मिशनने स्वतंत्रपणे सुरू करावी, आणि ती लवकर सुरू करावी, कारण २०२७च्या अखेरीस रुजू होणाऱ्या फेलोची तीन वर्षे २०३०च्या अखेरीसच पूर्ण होतील.