जिच्या नावानं कुणी रडलं नाही

जुळ्या बहिणींची रहस्यकथा चेहऱ्याच्या सारखेपणावर चालते, असं आपण समजतो. पण तिचा जीव असतो बहिणींमधल्या तुटलेल्या नात्यात. ‘पाठलाग’ चित्रपटाची गोष्ट आज पुन्हा वाचताना हे लख्ख दिसतं.

एका वकिलाची बायको आजारपणात त्याच्या डोळ्यांदेखत जाते. तिचे अंत्यसंस्कारही होतात. पुढे पोलिसांच्या ताब्यातली एक बाई त्याला सांगते, ‘मी तुमचीच बायको.’ चेहरा तोच, आवाज तोच. फक्त नवरा-बायकोलाच ठाऊक असाव्यात अशा गोष्टीही ती बोलून दाखवते. मग चितेवर ठेवलेली ती कोण?

जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीतला हा पेच. राजा परांजपे यांनी त्यावर १९६४ मध्ये ‘पाठलाग’ काढला. काशिनाथ घाणेकर आणि भावना ही जोडी, गदिमांची गाणी, दत्ता डावजेकरांचं संगीत. चित्रपटाला राष्ट्रपती रौप्यपदक मिळालं. पुढच्याच वर्षी तमिळमध्ये ‘इदय कमलम’ आला आणि १९६६ मध्ये राज खोसलांचा ‘मेरा साया’. त्यातला बरेलीच्या बाजारात पडलेला झुमका देशभर गाजला, पण त्यामागची गोष्ट मूळची मराठी आहे, हे अजूनही आवर्जून सांगावं लागतं.

साठ वर्षं उलटली, तेव्हा उलगडा सांगायला हरकत नसावी. वकिलाच्या बायकोला, आशाला, एक जुळी बहीण होती. गुन्हेगारीच्या वाटेला लागलेली, घरात जिचं नावही निघत नव्हतं अशी. ती आहे, हेच नवऱ्याला ठाऊक नव्हतं.

आधी चाहूल हवी

रहस्यकथेच्या वाचकाला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल, तर शेवटच्या प्रकरणात अचानक उगवलेल्या जुळ्या भावंडाचा. तीनशे पानं आपण वेळा जुळवतो, कुणाच्या हाती चाव्या होत्या ते लक्षात ठेवतो आणि लेखक म्हणतो, ‘ती नव्हतीच, तिची बहीण होती.’ ही फसवणूक वाटते, आणि ती असतेच. इंग्लंडमध्ये रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूनं १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले, तेव्हा दहावा नियम जुळ्यांसाठीच राखून ठेवला. वाचकाची रीतसर तयारी करून घेतल्याशिवाय जुळे किंवा तोतये आणू नयेत, असं त्यानं बजावलं.

ही तयारी कशी करतात? अगाथा ख्रिस्तीची १९७२ ची एक कादंबरी आहे. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण वाचायची राहिली असेल तर तुमचा आनंद मला हिरावून घ्यायचा नाही. तिच्यात घरातला जीव लावलेला कुत्रा मालकिणीलाच चावतो. वाचणारा म्हणतो, असेल, कुत्री चावतात कधीकधी, आणि पान उलटतो. सगळं उत्तर त्या चाव्यात असतं. माणसं चेहरा बघून फसतात. कुत्रा वासावर जातो, त्यामुळे तो फसत नाही. चांगला लेखक पुरावा असा उघड्यावर ठेवतो.

चेहऱ्याची साक्ष, बोटाची साक्ष

हुबेहूब सारखी दिसणारी जुळी एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन जन्मतात. म्हणून नेहमीची डीएनए चाचणी त्यांना वेगळं ओळखू शकत नाही. बोटांचे ठसे मात्र वेगळे असतात. गर्भ तीन-चार महिन्यांचा असताना बोटांवरच्या या रेघा तयार होतात. गर्भातली जागा, हालचाल, बोटांवर पडणारा दाब यांतल्या बारीकसारीक फरकांनी त्यांचा तपशील बदलतो. एका पोटात, एका वेळी वाढलेल्या दोघी जन्माआधीच वेगळ्या झालेल्या असतात.

राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाचं मुख्यालय पुण्यात आहे आणि ठशांचं काम पाहणारं अंगुली मुद्रा केंद्र त्याच विभागाचं. ठसा घेण्याची जुनी पद्धत अगदी साधी आहे. काचेवर किंवा पत्र्यावर काळी शाई पातळ पसरायची, बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तीत फिरवायचं आणि तसंच कागदावर उमटवायचं. पण नुसत्या ठशानं काही सिद्ध होत नाही. ताडून बघायला आधीचा ठसा हवा. १९६४ मधल्या घरंदाज गृहिणीचा ठसा कोण घेऊन ठेवणार? म्हणून आशाच्या हाती उरतात त्या फक्त आठवणी. तिच्या बाजूनं साक्ष द्यायला दुसरं काही नाही आणि समोर उभा आहे तो तिच्या मरणाचा साक्षीदार, तिचाच नवरा.

आज आधारसाठी दहाही बोटं आणि दोन्ही बुबुळं नोंदवलेली असतात. आजची आशा यंत्रावर अंगठा टेकवेल आणि घरी जाईल. तरीही जुळ्या बहिणींच्या कादंबऱ्या लिहिल्या जातात, वाचल्या जातात. ही कोण, याचं उत्तर यंत्र देईल. या दोघी दुरावल्या का, हे त्याला सांगता येत नाही.

पुण्यानं पाहिलेला तोतया

चेहऱ्यावरून माणूस ओळखावा का, हा प्रश्न पुण्याला फार जुना आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ पडले. पुढं भाऊंसारखा दिसणारा एक जण ‘मीच भाऊ’ म्हणून उभा राहिला. चौकशी झाली, तो तोतया ठरला, कैदेत पडला. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या किल्ल्यातून सुटून त्यानं कोकणात बंड उभारलं, तेव्हा माणसं त्याच्यामागं गेली. त्याच वर्षी त्याला पकडून पुण्यात देहदंड दिला गेला. न. चिं. केळकरांनी पुढे या प्रकरणावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं.

पण माझं लक्ष जातं ते भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंकडे. पानिपताहून त्या परतल्या आणि १७८३ मध्ये मरण येईपर्यंत त्यांनी वैधव्याची खूण अंगावर घेतली नाही. दरबाराचा निवाडा कागदावर लिहिला गेला. त्यांचा निवाडा त्यांच्या कपाळावर होता. माणूस गेला की आहे, हे शेवटी जवळच्या माणसाच्या मनात ठरतं, हे त्या बाईनं बावीस वर्षं जगून दाखवलं.

उरलेली बहीण

‘पाठलाग’मध्ये हाच प्रश्न उलट्या बाजूनं येतो. इथं जिवंत बाई दारात उभी आहे आणि घर म्हणतं, तू मेलीस. तिचा जीव कासावीस होतो तसा आपलाही होतो आणि ती सुटली की आपण सुस्कारा टाकतो.

त्या सुस्काऱ्यात दुसरी बहीण राहून जाते. ती आश्रयाला आली आणि बहिणीच्या घरात, बहिणीच्या नावानं गेली. तिच्या उशाशी बसलेला माणूस तिला ओळखत नव्हता. त्यानं ढाळलेले आसू तिच्यासाठी नव्हते. जन्मभर जिचं नाव कुणी घेतलं नाही, तिला मरणही स्वतःच्या नावानं आलं नाही. ती कुणाची तरी मुलगी होती, कुणाच्या तरी जोडीनं पाळण्यात निजली होती, हे आपण रहस्य उलगडल्याच्या आनंदात विसरून जातो.

मराठीत ‘जुळ्याचं दुखणं’ म्हणतात. एकाला झालं की दुसऱ्याला व्हायचंच. वाट चुकलेल्या मुलीचं नाव टाकलं की दुसरी सुखात राहील, अशी घराची समजूत असते. पण टाकलेलं दुखणं दार शोधत येतं आणि नेमकं सुखात असलेलीला गाठतं. नवऱ्याला एकदाच सांगितलं असतं, ‘मला एक बहीण आहे, अगदी माझ्यासारखी दिसते,’ तर ना कोर्ट उभं राहिलं असतं, ना कादंबरी.

जुळ्या बहिणींची पुढची रहस्यकथा हातात घ्याल तेव्हा खरी कोण आणि खोटी कोण ते जरूर शोधा. पण त्या घरानं कुणाचं नाव घेणं बंद केलं होतं, ते आधी शोधा. गोष्ट तिथं सुरू झालेली असते.