रिकामा भोपळा रिकामा नसतो

लेकीकडे जाऊन गुटगुटीत झालेली म्हातारी भोपळ्यात बसून जंगलातून सुखरूप परतली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली. रसायनशास्त्राच्या दुनियेतही असा एक भोपळा आहे. जर्मनीत रॉबर्ट बेहरेंड यांनी १९०५ मध्ये तो बनवला, पण आपण काय बनवले हे त्यांना कळले नाही. त्याची रचना उलगडायला १९८१ उजाडले. अमेरिकेतील विल्यम मॉक यांना ती भोपळ्यासारखी दिसली आणि भोपळ्याच्या कुळाच्या लॅटिन नावावरून त्यांनी बारशात नाव ठेवले कुकरबिटुरिल.

असा पोकळ रेणू म्हणजे यजमान आणि त्यात शिरणारा तो पाहुणा. यजमान पाहुण्याला ओळखतो कसा? एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये विकरांसाठी दिलेली कुलूप-किल्लीची उपमा इथेही चालते, पण तिच्यातले कुलूप कोरडे आहे. रेणूंचे कुलूप पाण्यात बुडालेले असते आणि पाणी त्याच्या आतही शिरलेले असते.

सात सारखे घटक जोडून बनलेल्या कुकरबिटुरिलमध्ये पाण्याचे साधारण आठ रेणू मावतात. बाहेर असताना पाण्याचा रेणू शेजाऱ्यांशी चारपर्यंत हायड्रोजन बंध जोडतो. आतल्या भिंती मात्र बंधासाठी हात देत नाहीत, त्यामुळे हे आठजण तिथे अवघडून बसलेले असतात. तेलकट अंगाचा पाहुणा आला की ते बाहेर पडतात, घोळक्यात मिसळतात, तुटलेले बंध पुन्हा जुळतात आणि उष्णता बाहेर पडते. भोपळ्याच्या तोंडाशी असलेले ऑक्सिजन धनभारित पाहुण्याला खेचतात हे खरे. पण पकड एवढी घट्ट होण्यात या सुटकेचा वाटा फार मोठा.

फ्रँक बीडरमन, वेर्नर नाऊ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये वेगवेगळ्या आकारांच्या भोपळ्यांची तुलना केली. सहा घटकांच्या भोपळ्यातले पाणी फार अवघडलेले, पण रेणू जेमतेम चार. आठ घटकांच्या भोपळ्यात पाणी पुष्कळ, पण ते आपापसांत बंध जोडून बऱ्यापैकी स्थिरावलेले. दोन्हींचा मेळ सात घटकांच्या भोपळ्यातच बसतो.

औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत बसतो तेव्हा तिथेही आधी पाणीच असते. म्हणून औषध आखताना खाचेचा आकार पाहून भागत नाही. कुठले पाणी अवघडलेले आहे आणि कुठले रमलेले, हेही पाहावे लागते. अवघडलेल्याला उठवले तर पकड वाढते. रमलेल्याला उठवले तर त्याची किंमत औषधालाच मोजावी लागते.