८५ टक्के

लोअर परळच्या पुलावरून रात्री परतताना तो आवाज बऱ्याचदा कानावर येई. टीं-टीं-टीं, आणि एकदम शांत. गिरणीच्या जागेवर टॉवर चढतोय, खाली क्रेन असते, एवढंच ठाऊक होतं. ती ओरडते कशाला आणि गप्प कशी होते, ते बघायला परवानगी काढून आत गेलो.

क्रेन पन्नास टनी. काम म्हटलं तर किरकोळ: सहा टनांचा जनरेटर ट्रेलरवरून उचलून पोडियमवर ठेवायचा. पण पन्नास टन ही ताकद बूम, म्हणजे क्रेनचा लांबणारा हात, आखूड आणि माल अगदी जवळ असतानाची. इथे माल चौदा मीटर लांब न्यायचा होता, आणि एवढ्या अंतरावर तिची ताकद सात टनांच्या जराशीच वर उरते. "८५च्या वर मी जात नाही," ऑपरेटर म्हणाला. साताऱ्याकडचा, पन्नाशीतला माणूस.

हे ८५ म्हणजे केबिनमधल्या पडद्यावरचे टक्के: त्या अंतरावरच्या ताकदीपैकी किती वापरली जातेय ते. बूम तोलून धरणाऱ्या सिलिंडरमधल्या तेलाचा दाब एक सेन्सर कळवतो, बूमचा कोन दुसरा, लांबी तिसरा. कंट्रोलर त्यावरून वजनाचा हिशेब करतो आणि आतल्या तक्त्याशी ताडून बघतो. साधारण ९०ला पिवळा दिवा आणि टीं-टीं, शंभरला कट. कट झाला की माल वर घेता येत नाही, बूम लांबवता येत नाही, आणि बूम खालीही घेता येत नाही. हे शेवटचं मला आधी उलटंच वाटलं. पण बूम झुकली की माल बाहेर सरकतो, आणि क्रेन कलंडते ती त्या बाहेर सरकण्यानेच. माल खाली सोडायला किंवा बूम आत घ्यायला मुभा असते.

बूमच्या टोकाला साखळीने लोंबणारं एक छोटं वजन दिसतं. हूक वर येऊन त्या वजनाला टेकला की लिमिट स्विच उघडतो आणि दोर ओढणं थांबतं. वायर तुटली तरी थांबतं. ज्याने हे जोडलं त्याने तुटण्याचाही विचार केला होता, हे मला फार आवडलं.

वरचा भाग गोल फिरतो, म्हणून वर-खाली जाणारी वीज आणि सिग्नल स्लिप रिंगमधून नेतात. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत या कड्यांवर गंज आणि कार्बनची भुकटी साचते, मग पडदा भलतेच आकडे दाखवतो. असं झालं की कट बंद करणाऱ्या बायपासच्या चावीची आठवण होते.

आवाज एकदम शांत होण्याची कारणं ऑपरेटरने दोनच सांगितली: कोणीतरी बूम आत घेतली, नाहीतर बायपासची चावी फिरवली. चावी दुरुस्तीपुरती असते. कित्येक मशिनांत ती स्विचमध्येच राहून गेलेली असते, म्हणाला. याची शर्टाच्या खिशात होती.

माल उचलायच्या आधीच वाद झाला. सुपरवायझरला घाई, क्रेन ज्यांवर उभी राहते त्या जॅकपैकी एक नुसत्या एका लाकडी ठोकळ्यावर ठेवलेला. पडद्यावर चारही जॅक हिरवे. जॅक पूर्ण बाहेर आलाय का, हे त्या सेन्सरला कळतं. त्याच्याखाली काय आहे, हे नाही. आणि इथे खाली काय आहे? परळ आणि वरळीमधली खाजणं भरून केलेली जमीन, वर गिरणीचे जुने पाये, गटारं. "८५ टक्के पक्क्या जमिनीचे असतात, साहेब," तो सुपरवायझरला म्हणाला आणि खाली उतरला. लोखंडी प्लेटा आल्या, जॅक उचलून पुन्हा बसवले. सुपरवायझर घड्याळ बघत होता, मला मात्र प्लेटा आणखी दोन हव्या होत्या.

जनरेटर ८४वर गेला आणि पोडियमवर बसला. टीं-टीं झालंच नाही. लॉगशीटवर प्लेटा लावण्यात गेलेला पाऊण तास ऑपरेटरने भाड्यात धरला होता. सुपरवायझरने तेवढी ओळ खोडली आणि मग सही केली.