सरकारी संस्थांना ताजी फळे पुरविताना

फळांचा ग्राहक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर आडत्या आणि व्यापारी येतो. परंतु सरकारी रुग्णालये, आश्रमशाळा, वसतिगृहे आणि लष्कराची ठाणी हेदेखील ताज्या फळांचे ग्राहक आहेत. राज्यात पुणे, देवळाली, अहिल्यानगर, कामठी येथे लष्कराची ठाणी आहेत. जवानांच्या शिध्यात ताजी फळे असतात व ती निविदा काढून खरेदी केली जातात. आदिवासी भागात २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत अंडी न खाणाऱ्या बालकांसाठी केळी देण्याची तरतूद करण्यात आली. महाराष्ट्रात फळे व भाजीपाला जुलै २०१६ मध्ये नियमनमुक्त झाल्यामुळे बाजार समितीच्या आवाराबाहेर असा पुरवठा करण्यास आडकाठी राहिलेली नाही.

असे असूनही या पुरवठ्यात लहान उत्पादक कमी दिसतात. काहीजण कागदपत्रांना घाबरून मागे राहतात, तर काहीजण हिशेब न करता सर्वांत कमी दर भरतात आणि वर्ष संपण्याआधीच अडचणीत येतात. म्हणून निविदा भरण्यापूर्वी पुढील बाबींचा विचार करावा.

१. माल किती, यापेक्षा किती दिवस?

समजा, एका वसतिगृहात ३०० विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाला आठवड्यातून तीन दिवस एक केळे द्यावयाचे आहे. आठवड्याला ९०० केळी लागतील. एका किलोत आठ केळी धरल्यास हे वजन सुमारे ११२ किलो होते. वर्षाचे ४० आठवडे धरल्यास एकूण गरज साडेचार टन. सरासरी २० किलोचा घड धरला तर हे फक्त २२५ घड झाले. दीड बाय दीड मीटर अंतरावर एकरी सुमारे १,७७५ झाडे बसतात. म्हणजे अर्धा पाव एकर बागेचा माल पुरेसा आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. एका बागेची कापणी दोन-तीन महिन्यांत आटोपते, तर वसतिगृहाला केळी ४० आठवडे हवी असतात. म्हणून हे काम एकट्या शेतकऱ्याचे नसून गटाचे आहे. मृगबाग आणि कांदेबाग अशी दोन्ही हंगामांची लागवड असणारे आठ-दहा शेतकरी एकत्र आल्यास पुरवठ्यात खंड पडत नाही. शेतकरी उत्पादक कंपनी असल्यास करार तिच्या नावाने करता येतो.

२. दर ठरविताना

निविदेतील दर बहुधा पूर्ण कराराच्या मुदतीसाठी कायम असतो. बाजार मंदीत असताना त्या दरावर निविदा भरली आणि पुढे श्रावणात किंवा रमजानमध्ये भाव चढले, तर तोटा पुरवठादारालाच सोसावा लागतो. पुरवठा थांबविल्यास संस्था बाहेरून माल घेऊन फरकाची रक्कम आपल्याकडून वसूल करू शकते, शिवाय सुरक्षा ठेव जप्त होण्याचा धोका असतो. म्हणून मागील दोन-तीन वर्षांचे महिनावार भाव काढून सरासरी धरावी. त्यात फण्या काढल्यावर उरणाऱ्या दांड्याचे वजन, पिकविण्याचा खर्च, क्रेटमधील नासाडी, वाहतूक आणि नाकारला जाणारा माल मिळवावा. एवढे करून परवडेल तोच दर भरावा. निविदा हातची गेली तर एक संधी जाते. तोट्याची निविदा मिळाली तर वर्ष जाते.

३. पैसे अडकतील, हे गृहीत धरावे

वरील उदाहरणात किलोला २५ रुपये दर धरला, तर आठवड्याचे देयक सुमारे २,८०० रुपयांचे होते. देयक तीन महिने थकल्यास सुमारे ३६,५०० रुपये अडकतात. तेवढे खेळते भांडवल गटाकडे नसेल तर सावकाराचे व्याज नफा खाऊन टाकते.

याबाबत कायद्याचा आधार आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते व सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती विनाशुल्क होते. ती करार होण्यापूर्वीच करून ठेवावी.

४. सवलती आणि त्यातील मेख

केंद्र सरकारची खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असे धोरण आहे. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या व ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहे. अशा उद्योगांना निविदा संच मोफत मिळतो व बयाणा रक्कम माफ असते. सर्वांत कमी दर अन्य मोठ्या पुरवठादाराचा असेल आणि आपला दर त्याहून १५ टक्क्यांपर्यंत जास्त असेल, तर तो कमी दर मान्य करून पुरवठ्याचा काही हिस्सा मिळविता येतो.

मात्र केवळ व्यापारी म्हणून नोंद केलेल्यांना हे खरेदी धोरण व विलंबित देयकाची तरतूद यांचा लाभ मिळत नाही. गटाकडे प्रतवारी, पिकवणी किंवा पॅकिंगची सोय असल्यास नोंदणीत ते काम स्पष्ट दाखवावे आणि सवलत लागू होते किंवा नाही, याची जिल्हा उद्योग केंद्रात खात्री करून घ्यावी.

केंद्रीय खात्यांची बरीचशी खरेदी ९ ऑगस्ट २०१६ पासून सुरू झालेल्या जेम या सरकारी ई-बाजारपेठेतून होते. तेथे विक्रेता म्हणून नाव नोंदवावे.

५. प्रत व पोच

केळी पिकविण्यासाठी कॅल्शियम कार्बाइडचा वापर करू नये. त्यास कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूचा वापर १०० पीपीएमपर्यंत करता येतो. पिकवणीगृहात १६ ते १८ अंश सेल्सियस तापमान व ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता राखल्यास फळे एकसारखी पिकतात. शेतकऱ्याला स्वतःच्या पिकासाठी अन्न सुरक्षा कायद्याची नोंदणी लागत नाही. मात्र गट इतरांचा माल घेऊन विकत असल्यास उलाढालीनुसार नोंदणी किंवा परवाना घ्यावा.

माल देताना संस्थेच्या काट्यावर वजन करून चलनावर तारीख, वजन, सही व शिक्का घ्यावा. माल नाकारल्यास कारण लेखी मागावे. सही-शिक्क्याचे चलन नसेल तर देयकाचा पाठपुरावा करणे कठीण जाते.

६. सगळी बाग एका आदेशावर नको

सरकारी मागणी धोरणानुसार बदलते. राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात अंडी व अंडी न खाणाऱ्यांना केळी देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा स्वतंत्र निधी बंद झाला. म्हणून अशा मागणीच्या भरवशावर लागवड वाढवू नये. गटाच्या मालाचा चौथा हिस्सा सरकारी पुरवठ्यासाठी ठेवून उरलेला नेहमीच्या बाजारात विकणे सुरक्षित ठरते.

सुरुवात जवळच्या एका वसतिगृहापासून किंवा रुग्णालयापासून करावी. मागील वर्षाच्या निविदेच्या अटी मागवून घ्याव्यात, गटाच्या बैठकीत त्या मोठ्याने वाचाव्यात आणि वरील हिशेब कागदावर मांडावा. हिशेब जुळला तरच निविदा भरावी.