आत्याचा फॉरवर्ड आणि नवतप्यातली सावली

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. थीसिसचं दुसरं प्रकरण गाईडकडून तिसऱ्यांदा परत आलंय, त्यामुळे सध्या त्या प्रकरणाला हात लावणं सोडून बाकी काहीही करायला मी एका पायावर तयार असते. आजचा विषय मात्र त्याच प्रकरणातला आहे आणि त्याची सुरुवात झाली आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर.

जानेवारीतली गोष्ट. माझी नागपूरची आत्या रोज सकाळी सहाला फुलांच्या फोटोवर ‘शुभ सकाळ’ पाठवते. त्या दिवशी फुलांऐवजी एक लांबलचक मेसेज आला. पृथ्वी सूर्यापासून प्रचंड लांब जाणार आहे, एरवी नऊ कोटी किलोमीटर असलेलं अंतर पंधरा कोटींच्या वर जाणार, त्यामुळे ऑगस्टपर्यंत थंडी राहील, सर्दी-खोकला वाढेल, जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन ठेवा, वगैरे. तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. दर वर्ष-दोन वर्षांनी तो नवे कपडे घालून परत येतो.

मी काय केलं? लोकांच्या विज्ञानातल्या गैरसमजांवर पीएचडी करणाऱ्या माणसाने जे अजिबात करू नये, ते केलं. चार परिच्छेदांचं उत्तर ठोकलं. सूर्यापासूनचं सरासरी अंतर मुळातच सुमारे १५ कोटी किलोमीटर आहे. ते वर्षभरात १४.७ ते १५.२ कोटींच्या दरम्यान बदलतं. आणि गंमत म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, लांब नाही! शेवटी एक खोचक वाक्य आणि स्मायली.

आत्याने हात जोडलेला इमोजी टाकला. पुढचे पंधरा दिवस ग्रुपवर ‘शुभ सकाळ’ आलं नाही.

शेवटी मीच फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, “तुझं खरंच असेल गं पोरी. पण सूर्य जवळच आहे म्हणतेस, तर मग जानेवारीत थंडी काऊन पडते?”

माझ्या चार परिच्छेदांत नेमकं एवढंच नव्हतं. मी तिच्याकडचं स्पष्टीकरण काढून घेतलं होतं आणि त्या जागी दुसरं काहीच ठेवलं नव्हतं.

आमच्या क्षेत्रात या प्रश्नाचा एक प्रसिद्ध किस्सा आहे. १९८७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात एक कॅमेरा फिरत होता. फिलिप सॅडलर आणि मॅथ्यू श्नेप्स यांना एक शैक्षणिक फिल्म करायची होती. झगे घातलेले ताजे पदवीधर, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक यांना त्यांनी विचारलं, उन्हाळा-हिवाळा का होतो, किंवा चंद्राच्या कला का दिसतात? २३ पैकी २१ जणांची उत्तरं चुकली. ऋतूंबद्दल बहुतेकांनी छान आत्मविश्वासाने सांगितलं, की पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते तेव्हा उन्हाळा आणि लांब जाते तेव्हा हिवाळा. म्हणजे आमची आत्या एकटी नाही. तिच्या रांगेत हार्वर्डचे लोक उभे आहेत.

ही फिल्म पाहून ‘काय ही शिक्षणाची अवस्था’ असं हळहळणं सोपं आहे. सर्वेक्षणांच्या बातम्याही आपल्याला तेच करायला लावतात. २०१२ च्या अमेरिकी सर्वेक्षणात पृथ्वी सूर्याभोवती फिरते की सूर्य पृथ्वीभोवती, याचं बरोबर उत्तर ७४ टक्के लोकांनी दिलं, म्हणजे साधारण चारातला एक चुकला. बातमी तिथेच संपते. अशा मोजणीत डोकं म्हणजे बाटली असते, भरलेली किंवा रिकामी. पण चुकीचं उत्तर देणाऱ्याचं डोकं बहुतेक वेळा रिकामं नसतं. तिथे आधीच एक उत्तर असतं आणि ते रोजच्या अनुभवावर घासूनपुसून पक्कं झालेलं असतं.

शेकोटीच्या जवळ सरका, ऊब लागते. मागे सरका, गार वाटतं. चुलीपुढे बसून भाकऱ्या थापलेल्या बाईला हे शिकवायला नको. अँड्रिया डिसेसा या संशोधकाने अशा बारक्या, न शिकवता जमलेल्या समजुतींवर बरंच काम केलंय, आणि ‘जितकं जवळ तितका परिणाम जास्त’ ही त्यातली एक. ही समजूत चूक नाही हे लक्षात घ्या. नव्व्याण्णव ठिकाणी ती कामाला येते. ऋतू हे शंभरावं ठिकाण.

शिवाय शाळा या समजुतीला खतपाणी घालते. भूगोलाच्या पुस्तकातली पृथ्वीच्या कक्षेची आकृती आठवा. अंड्यासारखी लांबट कक्षा, मध्ये सूर्य. खरी कक्षा कशी आहे ते कागदावर काढून बघू. लांबी १० सेंटिमीटर घेतली तर रुंदी किती कमी भरेल? जेमतेम ०.०१४ मिलिमीटर. पेन्सिलची रेघसुद्धा त्याहून कितीतरी जाड असते. म्हणजे दिसायला वर्तुळच, फक्त सूर्य केंद्रापासून मिलिमीटरभर सरकलेला. पुस्तकात ती तिरक्या कोनातून पाहिल्यासारखी काढतात म्हणून लांबट दिसते, पण हे कुणी सांगत नाही. ज्या धड्यात ‘अंतरामुळे ऋतू होत नाहीत’ असं छापलेलं असतं, त्याच धड्यातलं चित्र मुलांना अंतर शिकवून जातं.

बरं, एकदा नीट शिकलं की जुनी समजूत जाते का? दुर्दैवाने तसंही नाही. शटलमन आणि व्हालकार्सेल यांनी २०१२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १५० कॉलेजविद्यार्थ्यांना दहा विषयांतली २०० विधानं दाखवून प्रत्येक विधान खरं की खोटं ते झटपट सांगायला लावलं. काही विधानं अशी, की ज्यात भाबडी समजूत आणि विज्ञान एकच सांगतात, उदाहरणार्थ चंद्र पृथ्वीभोवती फिरतो. काही अशी, की ज्यात दोघांचं पटत नाही, उदाहरणार्थ पृथ्वी सूर्याभोवती फिरते. दुसऱ्या प्रकारात विद्यार्थ्यांच्या चुका जास्त झाल्या, आणि बरोबर उत्तर द्यायलाही वेळ जास्त लागला. फरक सेकंदाच्या छोट्याशा भागाचा, पण दहाही विषयांत दिसलेला. जुनी समजूत पुसली जात नाही, दाबली जाते. नवं ज्ञान तिच्या मानेवर बसून राहतं आणि दरवेळी तिला दाबायला थोडा जोर लागतो. (हे वाचल्यापासून मी स्वतःला पकडायला लागलेय. मे महिन्यात बसमधून उतरताना मनात पहिलं येतं ते ‘सूर्य आज फारच जवळ आलाय’ हेच.)

आणि हा मला सर्वांत आवडणारा पेपर. तोच सॅडलर, २०१३. त्याच्या गटाने अमेरिकेतल्या १८१ विज्ञानशिक्षकांना त्यांच्याच विद्यार्थ्यांच्या चाचणीतले प्रश्न दिले आणि दोन गोष्टी विचारल्या. बरोबर उत्तर कोणतं, आणि तुमची मुलं सर्वांत जास्त कोणतं चुकीचं उत्तर निवडतील? विषय येणाऱ्या शिक्षकांची मुलं पुढे गेली, यात नवल नाही. पण ज्या प्रश्नांत एखादं चुकीचं उत्तर मुलांना फार ओढून घेतं, तिथे नुसता विषय येऊन भागलं नाही. ती नेमकी चूक ज्या शिक्षकांना ओळखता आली, त्यांच्या मुलांची प्रगती जास्त झाली.

आत्याच्या बाबतीत मला बरोबर उत्तर येत होतं. तिची समजूतही ठाऊक होती. तरी फोनवर मी गडबडले, कारण पुस्तकातलं बरोबर उत्तर आपल्या आकाशाला नीट बसतच नाही. हे मला कुणा प्रोफेसरने नाही, आठवीतल्या एका मुलीने दाखवून दिलं होतं. शाळेतल्या एका तासाला मी पृथ्वीचा साडेतेवीस अंशांचा कल, २१ जून, उत्तर गोलार्धात उन्हाळा असं सगळं रीतसर सांगितलं. ती उठून म्हणाली, “ताई, २१ जूनला उन्हाळा कसा? तेव्हा तर शाळा सुरू होते. पाऊस असतो.”

अगदी बरोबर. ते चार ऋतूंचं स्पष्टीकरण लंडनला फिट बसतं. तिथे जूनअखेरीस दिवस साडेसोळा तासांचा, डिसेंबरात आठ तासांहूनही कमी. डिसेंबरातल्या दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंश वर. किरण इतके तिरपे, की तेवढंच ऊन कितीतरी मोठ्या जमिनीवर पसरतं. मुंबईत मात्र मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, लहानात लहान अकरा तासांचा, आणि डिसेंबरातही दुपारचा सूर्य सत्तेचाळीस अंशांवर असतो. कारणं तीच, किरणांचा कोन आणि दिवसाची लांबी. पण इथे फरक मवाळ, आणि त्यात मध्येच मान्सून घुसतो.

आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. एकदा उत्तरेकडे जाताना, एकदा परतताना. पणजीत मेच्या सुरुवातीला, पुण्यात १३-१४ मेच्या आसपास, मुंबईत १५-१६ मे, नागपुरात २६ मे. तोच शून्य सावलीचा दिवस. (‘रोज दुपारी बाराला सूर्य डोक्यावर असतो’ हा आणखी एक लाडका गैरसमज. रोज नाही, आणि बाराला तर नाहीच. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावर चालतं, त्यामुळे मुंबईची त्या दिवशीची खरी मध्यान्ह साडेबारानंतर होते.) परतीच्या वाटेवर सूर्य जुलैत पुन्हा डोक्यावर येतो, नागपुरात १७ जुलैच्या सुमारास आणि मुंबईत २७-२८ जुलैला. तेव्हाही ऊन तितकंच उभं असतं, पण आपल्यापर्यंत पोचत नाही. वर ढग असतात, आणि जी उष्णता पोचते तिच्यातली बरीचशी ओल्या जमिनीतलं पाणी सुकवण्यात जाते. पाऊस गेला, आकाश मोकळं झालं की ऑक्टोबर हीट सुरू. कल आणि मान्सून मिळून आपले तीन ऋतू होतात. आपण मुलांना फक्त कल शिकवतो आणि वर म्हणतो, मुलांना कळत नाही.

हे सगळं मी आत्याला लगेच सांगितलं नाही. आधी आतोबांना मध्ये घेतलं. आतोबा दर २६ डिसेंबरला पहाटे पाचला गोधडी पांघरून मेलबर्नची टेस्ट लावतात. मी म्हटलं, त्यांना विचार, तिकडे प्रेक्षक काय घालून बसतात? टोप्या, गॉगल, अंगाला क्रीम. सूर्य तोच आणि अंतरही तेच. मग नागपुरात गोधडी आणि मेलबर्नला गॉगल कसा?

आत्या बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “म्हणजे जवळ-लांबचं नाही. कुणाच्या अंगावर कसं पडते त्याचं आहे.”

मला चार परिच्छेदांत जे जमलं नव्हतं ते तिने दोन वाक्यांत केलं. मात्र तिने लगेच पुढचा बाण सोडला, “पण नवतप्यात तरी सूर्य जवळ येतेच ना?”

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते, सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की, म्हणजे २५ मेच्या सुमारास, पहिले नऊ दिवस नवतपा. तेव्हा सूर्य पृथ्वीच्या जवळ येतो असे मेसेज दरवर्षी फिरतात. प्रत्यक्षात त्या दिवसांत तो जानेवारीपेक्षा सुमारे ४४ लाख किलोमीटर लांब असतो. पण नवतपा ही काही खुळी कल्पना नाही. नागपूरचा शून्य सावलीचा दिवस बरोबर त्यातच येतो. उभं ऊन, मोठा दिवस, कोरडी जमीन आणि पाऊस अजून पंधरवडाभर दूर. ज्यांनी हे नऊ दिवस हेरले त्यांचं निरीक्षण पक्कं होतं. ‘जवळ’ हे कारण त्याला कुणी नंतर चिकटवलं असावं, असं मला वाटतं.

तर यंदा २६ मेला मी तिला एक काम दिलं. बारा वाजून दहा मिनिटांनी गच्चीवर पावडरचा उभा डबा ठेवायचा आणि फोटो काढायचा. ऊन कडक होतं, आतोबांनी छत्री धरली. पहिल्या फोटोत छत्रीचीच सावली डब्यावर पडली, म्हणून पुन्हा काढला. दुसऱ्या फोटोत डबा आहे, गच्चीच्या फरशा आहेत, आतोबांचे पाय आहेत. डब्याला सावली नाही.

फोटो ग्रुपवर पडला, खाली आत्याची एकच ओळ होती, ‘सूर्य जवळ नाही, उभा आहे.’ माझ्या चुलतभावाने विचारलं, फोटो एडिट केलाय का? आत्याने त्याला सतराव्या जुलैला पुन्हा दाखवते म्हणून सांगितलंय. ढग असतील, दिसायची शक्यता कमी आहे, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ढग असले तर ते पण दाखवीन.