दोन तारखांमधील कार्यक्रम संगणक कसे शोधतो ?

भिंतीवरील दिनदर्शिकेत एखाद्या आठवड्याचे कार्यक्रम पाहावयाचे असल्यास मनुष्य त्या ओळीवरून नुसती नजर फिरवितो. आदल्या आठवड्यात सुरू होऊन या आठवड्यात ओढत आणलेली पेन्सिलीची रेघ त्याला आपोआप दिसते. संगणकाला असे डोळे नसतात. त्याच्यापुढे असतात त्या केवळ नोंदी : कार्यक्रमाचे नाव, त्याच्या आरंभाची वेळ आणि समाप्तीची वेळ. म्हणून 'या दोन तारखांमधील कार्यक्रम दाखव' या साध्या आज्ञेचा नेमका अर्थ त्याला आधी ठरवून द्यावा लागतो. तो अर्थ चुकीचा ठरला तर काय घडते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

समजा, एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या सभागृहात १० जानेवारीपासून १४ जानेवारीपर्यंत ग्रंथप्रदर्शन ठरले आहे. एका शाळेला १३ तारखेस स्नेहसंमेलनासाठी तेच सभागृह हवे आहे. ग्रंथपाल संगणकीय दिनदर्शिकेला १२ ते १८ जानेवारी या काळातील नोंदी विचारतात. आज्ञावली केवळ आरंभाची तारीख पाहत असेल, तर १० तारखेस सुरू झालेले प्रदर्शन तिच्या उत्तरात येणार नाही. सभागृह रिकामे समजून शाळेला दिले जाईल आणि १३ तारखेस दोन्ही पक्ष एकाच दारात उभे राहतील.

कार्यक्रम आणि विचारलेला काळ यांचा संबंध चार प्रकारांनी येऊ शकतो. कार्यक्रम त्या काळाच्या पूर्णपणे आत असेल. आधी सुरू होऊन आत संपेल. आत सुरू होऊन नंतर संपेल. किंवा आधी सुरू होऊन नंतर संपेल, म्हणजे सर्व काळ व्यापून टाकील. या चारही प्रकारांसाठी निरनिराळे नियम करण्याचे कारण नाही. उलट बाजूने विचार केला म्हणजे मार्ग सोपा होतो. कार्यक्रमाचा त्या काळाशी संबंध केव्हा येत नाही ? तो काळ सुरू होण्यापूर्वीच कार्यक्रम संपला असेल तेव्हा, अथवा तो काळ संपल्यावर कार्यक्रम सुरू होणार असेल तेव्हा. या दोन्ही शक्यता वगळल्या की नियम हाती येतो : कार्यक्रमाचा आरंभ काळाच्या अंतापूर्वी असावा आणि कार्यक्रमाची समाप्ती काळाच्या आरंभानंतर असावी. गूगल कॅलेंडरमधून आज्ञावलीच्या द्वारे नोंदी मागविताना हाच नियम लागू असतो. तेथे किमान वेळेची मर्यादा कार्यक्रमाच्या समाप्तीला लावली जाते आणि कमाल वेळेची मर्यादा त्याच्या आरंभाला. प्रथमदर्शनी हे उलटे वाटते. पण प्रदर्शनाच्या उदाहरणावरून त्यातील शहाणपण ध्यानात येते.

आता प्रश्न सीमारेषेचा. चार वाजता संपणारे व्याख्यान आणि चार वाजता सुरू होणारी सभा यांत टक्कर मानावयाची काय ? व्यवहारात आपण तशी मानीत नाही. म्हणून काळाचा आरंभबिंदू जमेस धरतात व अंतबिंदू वगळतात. दिवसभर चालणाऱ्या कार्यक्रमांनाही हेच तत्त्व लागू आहे. दिनदर्शिकांच्या देवाणघेवाणीसाठी १९९८ मध्ये आखलेल्या व २००९ मध्ये सुधारलेल्या 'आयकॅलेंडर' या मानकानुसार, १४ तारखेपर्यंत चालणाऱ्या अखंड दिवसांच्या नोंदीची समाप्ती १५ तारीख अशी लिहितात. त्याचप्रमाणे १८ जानेवारीचा संपूर्ण दिवस हवा असेल, तर काळाचा अंत १९ तारखेच्या आरंभीची मध्यरात्र असा द्यावा लागतो. अंत १८ तारखेची मध्यरात्र असा दिला, तर शेवटचा दिवस सबंध गळून जातो.

मध्यरात्र कोठली, हेही सांगावे लागते. भारतीय प्रमाणवेळ जागतिक समन्वित वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. भारतात १२ जानेवारीचा दिवस सुरू होतो तेव्हा त्या वेळेनुसार ११ जानेवारीचे सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात. आज्ञावलीने जागतिक वेळेतील मध्यरात्र धरली, तर भारतातील आठवडा पहाटे साडेपाचला सुरू झाल्यासारखा होतो. मग १२ तारखेच्या पहाटे साडेचार ते सव्वापाच चाललेला योगवर्ग हरवतो आणि १९ तारखेच्या पहाटेचा वर्ग मात्र यादीत शिरतो.

पुनरावृत्त कार्यक्रमांत याहून मोठी अडचण आहे. दोन वर्षांपूर्वी सुरू झालेला दर शनिवारचा बालवाचनवर्ग संगणकात शंभरदा लिहिलेला नसतो. त्याची नोंद एकच असते आणि तिच्याशी 'दर आठवड्यास' हा नियम जोडलेला असतो. मूळ तारीख तेवढी पाहिली तर हा वर्ग सापडणार नाही. म्हणून आज्ञावलीने नियम उलगडून त्या काळात येणारा शनिवार काढावा लागतो, आणि सुट्टीमुळे रद्द झालेला किंवा दुसऱ्या दिवशी हलविलेला वर्गही लक्षात घ्यावा लागतो.

भारतात या नियमांची मर्यादा विशेष जाणवते. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या दिनदर्शिका-सुधार समितीला देशात सुमारे तीस निरनिराळी पंचांगे प्रचलित असल्याचे आढळले होते. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारण्यात आली. तिच्यातील १ चैत्र हा दिवस सामान्यतः २२ मार्चला, परंतु इंग्रजी लीप वर्षात २१ मार्चला येतो. गुढीपाडवा किंवा दिवाळी यांसारखे तिथीवर अवलंबून असणारे सण तर दरवर्षी निराळ्या तारखेला येतात. 'दरवर्षी त्याच तारखेस' हा नियम त्यांना लावता येत नाही. पंचांग पाहून त्यांच्या तारखा वर्षावर्षाने नोंदविणेच इष्ट.

शेवटी, उत्तर संपूर्ण मिळाले आहे की नाही हे पाहिले पाहिजे. नोंदी पुष्कळ असल्यास त्या पानापानांनी पाठविल्या जातात. पहिले पान वाचून थांबणारी आज्ञावली उरलेल्या नोंदी रिकाम्या जागा समजते.

ज्या शाळेला वा ग्रंथालयाला अशा साधनावर विसंबावयाचे असेल, त्यांनी आधी पाच नोंदी करून पाहाव्यात : आदल्या आठवड्यातून चालत आलेली, पुढील आठवड्यात जाणारी, सर्व आठवडा व्यापणारी, शेवटच्या दिवशी रात्री येणारी आणि जुनी पण दर आठवड्यास येणारी. या पाचही नोंदी उत्तरात आल्या, तर दैनंदिन कामातील नेहमीच्या चुका त्या साधनाने टाळल्या असे समजण्यास हरकत नाही. एकही गळाली, तर सभागृह कोणास देण्यापूर्वी नोंदवही उघडून पाहणे बरे.