शोध घ्यावा, पण नेमका

यंत्रमागावर विणलेल्या कापडातले दोष कॅमेऱ्याने ओळखता येतील का? सुरतेत संगणकशास्त्र शिकणाऱ्या, उधना-लिंबायतच्या मराठी घरांतल्या मुलांसाठी हा अगदी दारातला प्रश्न आहे. नेहमीच्या शोधयंत्रात तो टाकला, तर यंत्रविक्रेत्यांच्या जाहिरातींची गर्दी होते. त्यासाठी ‘डीबीएलपी’ उघडावे.

जर्मनीतील ट्रियर विद्यापीठात 1993 साली सुरू झालेली, संगणकशास्त्रातील संशोधनाची ही सूची मोफत आहे. ती शीर्षक, लेखक, नियतकालिक किंवा परिषद आणि वर्ष यांतून शोधते. निबंधाचा आतला मजकूर चाळत नाही. म्हणून लांबलचक प्रश्नाऐवजी शीर्षकात हमखास येणारे शब्दच इंग्रजीत द्यावेत, जसे ‘फॅब्रिक डिफेक्ट’. दोन शब्दांमध्ये उभी रेघ घातली की त्यांपैकी कोणताही चालतो. शब्दाच्या शेवटी डॉलरचे चिन्ह दिले, तर नेमका तेवढाच शब्द शोधला जातो.

हाती आलेला निबंध पुढे कोणी आधाराला घेतला, हे गूगल स्कॉलरवर पाहावे. भारतीय पीएच.डी. प्रबंधांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘शोधगंगा’ सर्वांना खुली आहे.

आधी काय झाले आहे हे नीट कळले, तरच नवे काय करायचे ते ठरते. ही सवय पहिल्याच वर्षी लागायला हवी.